सातेरीच्या मधाला तुम्ही परकं केलंत

अध्यक्ष दादा आणि आपल्या मधपाळ संघाच्या कार्यकारी मंडळातले सर्व जण,

हे पत्र पाकिटात घालून तुमच्या घरी देता आलं असतं. पण संघाचा निर्णय फलकावर लागला आणि खोऱ्यातल्या प्रत्येक मधपाळाने तो वाचला. मग माझं म्हणणंही सगळ्यांसमोर असू दे.

यंदाच्या वार्षिक सभेत तुम्ही ठरवलंत की वीस टक्क्यांहून जास्त पाणी असलेला मध दुय्यम धरायचा, त्याला निम्मा दर द्यायचा आणि तो सगळा एकत्र करून तापवून विकायचा. कागदावर नियम सर्वांना सारखा आहे. त्याची झळ कोणाला लागते हे मात्र तुम्हाला पुरतं ठाऊक आहे, दादा. तुम्हीही हा धंदा सातेरीच्या, या आपल्या देशी मधमाशीच्या, पेटीवरच शिकलात.

आमच्याकडे जांभूळ फुलतं तेव्हा पहाटेचं धुकं अजून पुरतं गेलेलं नसतं. हवेत ओल असते. माशी रात्रभर पंखांनी वारा घालून मधातलं पाणी उडवते, मध पिकला की वरून मेणाची टोपणं घालते. टोपणं घातलेल्या चौकटीच मधयंत्रात लावायच्या हे आम्ही कसोशीनं पाळतो. तरीही सातेरीचा मध एकवीस, बावीस, एखाद्या वर्षी तेवीस टक्के भरतो. तो कच्चा नसतो आणि त्यात कोणी पाणी ओतलेलं नसतं. या डोंगरात, या माशीचा पिकलेला मध असाच असतो. सपाटीवर सूर्यफुलाच्या आणि कांद्याच्या बियाण्याच्या शेतांत मेलिफेरा या विदेशी माशीच्या पेट्या फिरवणाऱ्यांचा मध अठरा टक्क्यांवर सहज येतो. त्यांच्या मधाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. त्यांच्या हवेचं माप आमच्या हवेला लावलंत, ही तक्रार आहे.

तुम्ही म्हणाल, नियम आम्ही केला नाही, वरून आला. पूर्वी पंचवीस टक्क्यांपर्यंत पाणी चालत होतं. भारतीय मानकातही मधाच्या तीन प्रती होत्या, वीस, बावीस आणि पंचवीस टक्क्यांच्या. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2018 मध्ये सगळ्यांसाठी वीसची मर्यादा घातली, हे खरं. पण प्राधिकरणाच्या त्याच मानकात साखरेचं कलम वाचा. सर्वसाधारणपणे मधात सुक्रोज पाच टक्क्यांपर्यंतच चालतं आणि कारवीच्या मधाला दहा टक्क्यांची मुभा आहे. आपल्या सह्याद्रीतली कारवी, सात-आठ वर्षांतून एकदा डोंगर निळाजांभळा करणारी, तिचं नाव देशाच्या मानकात लिहिलेलं आहे. आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकातही सर्वसाधारण मर्यादा वीसच आहे, पण युरोपातल्या हेदर नावाच्या झुडपाच्या मधाला तेवीस टक्के चालतात. म्हणजे मधाचा स्वभाव पाहून मानकात जागा करता येते. त्यासाठी कोणीतरी नमुने तपासून घ्यावे लागतात, आकडे मांडावे लागतात, पत्रं लिहावी लागतात. संघ हे काम करील या भरवशावर आम्ही वर्गणी भरत आलो. सातेरीच्या मधाचे हंगामवार आकडे संघाने कधी गोळा केले? मी कार्यालयात मागितले तेव्हा असं दप्तरच नाही, असं उत्तर मिळालं. वरचा नियम आला तेव्हा आमच्या वतीनं एक ओळही गेली नाही, हे मला जास्त लागलं.

आणि तापवण्याचं काय? मध तापवला की त्यातलं एचएमएफ हे संयुग वाढतं, डायस्टेज हे विकर घटतं. प्राधिकरणाच्या मानकात या दोन्हींच्याही मर्यादा आहेत. मंद उष्णतेवर, कोरड्या हवेच्या खोलीत पाणी कमी करता येतं. तशी एक खोली खोऱ्यात उभी करा, असा अर्ज आम्ही बायकांनी दिला होता. त्यावर चर्चाही झाली नाही. आता आमचा काळसर, किंचित कडवट जांभळाचा मध कोणाच्याही मधात मिसळून उकळला जाणार. पुण्या-मुंबईची माणसं हाच मध विचारत घाट चढून येतात.

2020 च्या डिसेंबरात सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तेरा ब्रँडचा मध तपासला. भेसळ शोधणाऱ्या एनएमआर चाचणीत त्यांतले फक्त तीन उतरले. साखरेचा पाक मिसळलेला मध नेहमीच्या चाचण्यांतून पार होतो हे तेव्हा देशाला कळलं. ज्या बाजारात पाक मध म्हणून खपतो, तिथे आमच्या निर्भेळ मधावर दुय्यम असा शिक्का आमच्याच संघाने मारला. हे लिहिताना हात थरथरतो.

सभेची तारीखही सांगते. मार्चअखेर. जांभळाचा बहर, मध काढायचे दिवस. या दिवसांत पेटी सोडून दिवसभर तालुक्याच्या गावी कोण येणार? ज्यांच्या पेट्या मजूर सांभाळतात ते येऊ शकतात. पाऊसकाळात आम्ही घरीच असतो, पेट्यांना साखरपाक देत, मुंग्या झाडत. तेव्हा सभा ठेवा असं किती जणांनी सांगितलं! आणि धोरण उपसमितीत बसायला पन्नास पेट्यांची अट. दादा, सातेरीच्या पन्नास पेट्या खोऱ्यात कोणाकडे आहेत? आठ, दहा, पंधरा पेट्यांवर घरं चालतात इथली. पेटीमागे वर्षाला पाच-सात किलो मध मिळतो, मेलिफेराच्या पेटीत त्याच्या कितीतरी पट. अट घालतानाच आम्ही बाहेर पडलो होतो. आता आमच्याच नावानं ठराव मंजूर होतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहिलं जातं. त्या ‘सर्वां’मध्ये मी नव्हते.

अनुदानाच्या नव्या पेट्या मेलिफेराच्याच घ्यायच्या, हाही त्याच सभेचा ठराव. उत्पन्न जास्त, म्हणून. पण फुलोरा संपला की बलवान मेलिफेरा शेजारच्या सातेरीच्या पेट्या लुटतात, हे तुम्ही स्वतः प्रशिक्षणात सांगायचात. 1991-92 मध्ये थाई सॅकब्रूड या रोगाच्या साथीनं दक्षिणेत सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपल्या. त्यातून जी माशी वाचली, तिच्या पिढ्या पुढे जपल्या त्या लहान मधपाळांनी. व्हरोवा या कोळ्याशी झुंजायची ताकद सातेरीत मुळातच आहे, मेलिफेराला त्यासाठी औषधं लागतात. या माशीला अनुदानाच्या यादीतून वगळायचं असेल तर निदान ती पाळणाऱ्यांना आधी विचारायला हवं होतं.

माझ्या वडिलांनी कड्यावरचं आग्यामोहोळ काढणं सोडून पेटी घेतली, ती संघाच्या शब्दावर. मोहोळ जाळू नका, माशी पाळा, तुमच्या मधाला आम्ही बाजार देऊ, असं संघाचे कार्यकर्ते वाडीवाडीत सांगत फिरले होते. ती तुमचीच पिढी. तुम्ही आमच्या पडवीत मुक्कामाला असायचात. म्हणून परक्यानं केलं असतं त्याहून हे जास्त दुखतं.

मी संघ सोडणार नाही. दराचा ठराव स्थगित करून श्रावणात विशेष सभा बोलवा, वाडीवर, आम्हाला चालत येता येईल अशा ठिकाणी. पन्नास पेट्यांची अट त्या सभेत मताला टाका. खरेदीच्या वेळी रिफ्रॅक्टोमीटरनं मधातलं पाणी आमच्यासमोर मोजा, आकडा आमच्या पावतीवर लिहा आणि फुलोऱ्यानुसार त्याची नोंद ठेवा. दोन-तीन हंगामांचे आकडे जमले की प्राधिकरणाकडे सातेरीच्या मधासाठी अर्ज करू. लिहायला मी बसेन, सह्या गोळा करायला खोरं फिरेन. तोवर माझा मध संघाच्या सामायिक पिंपात पडणार नाही. खोऱ्यातल्या आणखी काही घरांनीही तेच ठरवलं आहे, आणि ते तुम्हाला बाहेरून कळू नये म्हणून इथेच सांगते.

तुमची,
खोऱ्यातली एक सभासद