छत्र आणि छात्र

गेल्या पंधरवड्यांत आमच्या शेजारीं एक लहानसा वाद झाला व त्याचा निवाडा आमच्याकडे आला. त्या घरच्या थोरल्या नातवास येथल्याच शाळेंत शिक्षकाची जागा मिळून वर्ष झालें. शाळा सुटल्यावर तो मुलांचें एक सेवापथक चालवितो. कोणाचा अभ्यास घ्यावा, रविवारीं विहिरीचा गाळ काढावा, रात्रीं उशिरां घरीं यावें, असा त्याचा क्रम. आजोबा म्हणाले, "पगार शाळेचा घेतोस, मग ह्या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजतोस?" नातू गप्प राहिला. आईनें झांकून ठेवलेलें ताट त्याच्यापुढें केलें व म्हणाली, "मास्तरांनाच विचारूं या."

वाचकहो, आमच्या मनांत प्रथम उभे राहिले ते साने गुरुजी. कोंकणांतील पालगडचा हा तरुण खानदेशांत अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरांत अभ्यासासाठीं आला आणि १९२४ सालीं तेथील हायस्कुलांत शिक्षक झाला. पुढें छात्रालयाची व्यवस्थाहि त्यांजकडे आली. मुलें शाळेंत गेलीं कीं गुरुजी त्यांच्या खोल्या झाडीत, अंथरुणें नीट घडी करून ठेवीत, कंदिलाच्या कांचा पुसून ठेवीत. कोणास कांहीं सांगत नसत. मुलांसाठीं हातानें लिहिलेलें एक दैनिकहि ते काढीत. १९३० सालीं सत्याग्रहासाठीं त्यांनीं नोकरी सोडली. म्हणजे शिक्षकी झाली ती अवघीं सहा वर्षें. परंतु 'गुरुजी' हें नांव त्यांस जन्मभर चिकटलें. १९४१ सालीं राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली, तेव्हां त्या तरुणांसहि ते गुरुजीच वाटले. १९४७ च्या मे महिन्यांत पंढरपूरचें विठ्ठलमंदिर सर्वांस खुलें व्हावें म्हणून ते उपोषणास बसले, तेहि गुरुजी म्हणूनच. हें नांव त्यांस पगारपत्रकानें दिलें नव्हतें.

'छात्र' ह्या शब्दाचा संबंध छत्राशीं आहे. महाभाष्यकार पतंजलि म्हणतात कीं, गुरु हेंच छत्र. गुरूनें शिष्यास छत्राप्रमाणें झांकावें, आणि शिष्यानेंहि गुरूस छत्राप्रमाणें जपावें. हें सूत्र आम्ही वर्षानुवर्षें फळ्यावर लिहून समजावीत आलों. त्याचा अर्थ आम्हांस कळला तो मात्र फार उशिरां.

आमच्या वर्गांतील एक मुलगा लागोपाठ तीन आठवडे गैरहजर राहिला. नियमाप्रमाणें आम्हीं पटावरून त्याचें नांव कमी केलें. त्याचें घर आमच्या घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर होतें. तिकडे आम्ही गेलों नाहीं. मागाहून कळलें कीं, वडील अंथरुणास खिळले होते आणि मुलगा बाजारांत ओझीं वाहात होता. फीची तजवीज कांहीं अवघड नव्हती. कोणीतरी दारांत जाऊन चौकशी करावयास हवी होती, एवढेंच. पुढें तो शाळेंत परतला नाहीं. बऱ्याच वर्षांनीं एस्. टी. च्या स्टँडवर एका हमालानें आमची ट्रंक उचलली, गाडींत नीट ठेवली, "सर, ओळखलंत का?" म्हणून वांकून नमस्कार केला आणि कांहीं केल्या पैसे घेतले नाहींत. त्यानें छात्राचें कर्तव्य पुरें केलें होतें. छत्राचें मात्र आमच्याकडून राहून गेलें.

ही हकीकत आम्हीं त्या आजोबांस सांगितली आणि म्हटलें, "आपला नातू जें करतो आहे, तें शाळेबाहेरचें काम नव्हे. शाळेचेंच काम पुरें करण्याची ती वेळ आहे." नातवासहि दोन गोष्टी सांगितल्या. दुसऱ्या दिवशींच्या पाठाची तयारी पथकापायीं कधीं बुडवूं नये. आणि घरच्या वडीलधाऱ्यांसहि छत्राची गरज असते, म्हणून आठवड्यांतून दोन रात्री तरी पंक्तीला वेळेवर यावें. त्यानें तें मान्य केलें.

आजोबा कांहीं वेळ पानाचा डबा चाळवीत बसले. मग त्यांनीं विचारलें, "तो हमाल अजून असतो का स्टँडवर?" आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. त्या गोष्टीस बरींच वर्षें झालीं.

ज्या घरांत असा एखादा मुलगा असेल, त्या घरच्या माउलींस आमची एकच विनंति आहे. त्याच्याबरोबर पथकांतील दोन मुलें दारांत आलीं, तर कोणाचीं कोण हें न विचारतां त्यांस आधीं पानावर बसवावें.