विमा नाही? दोन हजार भरा आणि निघा

रस्त्यावरून : साप्ताहिक स्तंभ

नाकाबंदीत गाडी बाजूला घ्यायला लावली की अजूनही कितीतरी जण आधी डिक्की उघडतात. प्लास्टिकच्या पिशवीतून आरसीची झेरॉक्स, कधीकाळची पीयूसी आणि शोरूमवाल्याने दिलेला विम्याचा कागद बाहेर येतो. हवालदार त्याकडे बघतही नाही. तो ई-चलनाच्या मशीनमध्ये नंबर टाकतो आणि सांगतो, "इन्शुरन्स मार्चमध्येच संपलाय तुमचा." पुढचं बोलणंही ठरलेलं. "साहेब, गाडी मेव्हण्याची आहे हो." "मग चलन मेव्हण्याच्या मोबाइलवर जाईल. चला, पुढे घ्या."

मुंबईत २०१६ मध्ये ई-चलन आलं, मग ते राज्यभर पसरलं. मशीन ज्याला विचारतं तो 'वाहन' नावाचा केंद्रीय नोंदणीसाठा. विमा कंपनीने पॉलिसी दिली की तिची माहिती तिथे जाते, आणि गाडीच्या नंबरावर कंपनी, पॉलिसी, मुदत असं सगळं समोर येतं. एमपरिवहन ॲपवर हे तुम्हालाही बघता येतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा बघाच, कोणाकोणाचे चेहरे उतरतात ते कळेल. नव्या पॉलिसीची नोंद पोचायला कधी उशीर होतो. तेव्हा फोनमधली प्रत दाखवावी. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य धरायचा, असा बदल २०१८ मध्ये नियमांत झाला आहे. मूळ नियम १९८९ चे. कागद जवळ नसतील तर पंधरा दिवसांत रजिस्टर पोस्टाने पाठवावेत, अशी सोय त्यांत होती. तेव्हापासून तपासणी इतकी पुढे आली, हे मान्यच करायला हवं.

माझं भांडण तपासणीनंतर जे होतं त्याच्याशी आहे.

विमा नाही हे कळल्यावर पोलीस करतो काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. आणली तर कलम १९६ नुसार पहिल्या वेळी दोन हजार दंड, पुढच्या वेळी चार हजार. तीन महिन्यांपर्यंतच्या कैदेचीही तरतूद आहे, पण विमा नाही एवढ्याच कारणाने आत जाऊन आलेला माणूस मला तरी कधी भेटलेला नाही. चलन झालं की गाडी पुढे जाते, तीही विम्याविनाच. कारण गाडी अडकवून ठेवण्याचा अधिकार देणाऱ्या कलम २०७ मध्ये परवाना नसलेला चालक, नोंदणी नसलेली गाडी, परमिट नसलेली गाडी अशी यादी आहे. त्या यादीत १४६ नाही. दारू प्यालेल्याला आपण 'दंड भर आणि चालव' म्हणत नाही. इथे मात्र तेच म्हणतो.

आता हिशेब बघा. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार १५०० सीसीवरच्या खासगी मोटारीचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता ७,८९७ रुपये. वर्षात दोनदा सापडलात तर दंड होतो सहा हजार. म्हणजे मोठी एसयूव्ही दामटणाऱ्याला विमा काढण्यापेक्षा दोनदा पकडलं जाणं स्वस्त पडतं, आणि दोनदा पकडतं कोण? १५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलचा हप्ता मात्र अवघा ७१४ रुपये. तिथे दंड जवळजवळ तिप्पट, तरीही विमा नसलेल्या दुचाकी रग्गड. तिथे कंजूषपणापेक्षा विसर जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे सप्टेंबर २०१८ पासून नवी दुचाकी घेताना पाच वर्षांचा आणि मोटार घेताना तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. शोरूममध्ये तो किमतीतच मिसळून जातो. आपण काय घेतलं हेही अनेकांना ठाऊक नसतं. सहाव्या वर्षी आठवण करून द्यायला शोरूमवाला नसतो.

देशातल्या निम्म्याहून अधिक वाहनांचा विमा नाही, असं संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीच्या २०२४ च्या अहवालात आलं आहे. हा आकडा ऐकून थोडं थांबावं, कारण कधीच भंगारात गेलेल्या लुनाही नोंदणीत अजून जिवंत असतात. पण त्या वजा केल्या तरी उरतं ते पुष्कळ आहे.

आणि हा विमा कोणासाठी, हे बहुतेकांनी उलटंच धरलेलं असतं. "आपण जपून चालवतो, कशाला पाहिजे?" अरे बाबा, तो तुझ्यासाठी नाहीच. तुझ्या गाडीखाली जो येईल त्याच्या घरच्यांसाठी आहे. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जी भरपाई ठरवेल ती विमा कंपनीने द्यावी, म्हणून ही सक्ती. विमा नसेल तर ती मालकाकडून वसूल करायची, आणि मालक जर वीस वर्षं जुन्या स्कूटरवर दूध घालणारा असेल तर वसूल काय करणार? अपघातातली विमा नसलेली गाडी तारण दिल्याशिवाय सोडू नये, गरज पडल्यास तिचा लिलाव करून पैसे न्यायाधिकरणाकडे भरावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं आहे. लिलावात त्या स्कूटरचे किती येणार, ते तुम्हीच सांगा. यातली विचित्र गोष्ट अशी की धडक देणारा पळून गेला आणि गाडीच सापडली नाही, तर मृताच्या कुटुंबाला एप्रिल २०२२ पासूनच्या सरकारी योजनेतून दोन लाख मिळू शकतात. तो थांबला, जखमीला दवाखान्यात घेऊन गेला, स्वतःचं नावगाव सांगितलं आणि विमा नव्हता, तर त्या दोन लाखांचा दरवाजा बंद. प्रामाणिक माणसाचा बळी पडणं महाग पडतं.

ओडिशाने २०२४ मध्ये टोलनाक्यांवर ई-डिटेक्शन आणलं. गाडी टोलवरून गेली की यंत्रणा स्वतःच नोंदी ताडून बघते आणि विमा नसेल तर चलन पाठवते. महाराष्ट्रानेही हे करावं, जरूर करावं. पण दुचाकीला टोल नसतो. त्यामुळे जाळं ट्रकवाले आणि मोटारवाल्यांसाठीच, आणि विसरलेली हिरो होंडा बाजूच्या मार्गिकेतून निघून जाणार. ती सापडायची तर गल्लीच्या तोंडावर मशीन घेऊन उभ्या असलेल्या हवालदारालाच.

म्हणून त्या हवालदाराच्या हातात आणखी काहीतरी द्यायला हवं. थर्ड पार्टी पॉलिसी फोनवर पाच-दहा मिनिटांत निघते. तिला गाडीची तपासणीही लागत नाही. गाडी बाजूला लावा, ७१४ रुपयांची पॉलिसी काढा, प्रत दाखवा, मगच किल्ली. पैसे नसतील तर घरून मागवा, तोवर गाडी चौकीत. हप्ता भरणाऱ्याला पहिल्या वेळी दंडात सूटही द्या, माझी हरकत नाही. यासाठी कलम २०७ च्या यादीत १४६ हा एक आकडा घालावा लागेल. एका ओळीची दुरुस्ती आहे. २०१९ मध्ये अख्खा कायदा ढवळून काढला, दंड एक हजाराचा दोन हजार केला, आणि ही ओळ तेवढी राहिली. ती कशी राहिली, हे आपापल्या खासदाराला विचारता येईल. जाताना त्यांच्या ताफ्यातल्या गाड्यांचे नंबर ॲपवर टाकून बघायलाही कोणाची परवानगी लागत नाही.