क्लब कोणाचा?

२१ जुलै २०२१ रोजी कोलकात्यात ईस्ट बंगाल क्लबच्या दाराशी त्याच्याच चाहत्यांवर पोलिसांच्या लाठ्या पडल्या. भांडवल पुरविणाऱ्या कंपनीशी अंतिम करार करण्यास पदाधिकारी राजी नव्हते, आणि मोसम तर तोंडावर आलेला. कंपनीच्या अटी जाचक असतीलही. मग आदल्या वर्षी प्राथमिक करारावर सही केलीत कशाला? त्या मोसमात संघाने २० सामन्यांपैकी अवघा एक जिंकला व तो ११ व्या, म्हणजे अखेरच्या स्थानी राहिला. १९२० साली स्थापन झालेली, फाळणीनंतर निर्वासितांचा अभिमान ठरलेली ही संस्था मूठभर कारभाऱ्यांचे वतन नव्हे. २०२२ साली कंपनी बदलली. आता तरी करारातील अटी सभासदांपुढे उघड मांडाव्यात. ज्यांना ते जड जाते त्यांनी खुर्च्या सोडाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.