विश्लेषण : फेब्रुवारीत परतणाऱ्या थंडीचा अंदाज कसा बांधतात?

घरोघरी पंखे सुरू झालेले असतात आणि अचानक निफाडचा पारा घसरतो. काढणीला आलेल्या द्राक्षबागांना ही थंडी महागात पडते. मण्यांत साखर भरणे मंदावते, मणी तडकतात.

थंडी परतते कशी?

पश्चिमी झंझावात हिमालयात बर्फवृष्टी करून पुढे सरकला की त्यामागून उत्तरेचे थंड, कोरडे वारे महाराष्ट्रापर्यंत पोहोचतात. आकाश निरभ्र असेल तर रात्री जमीन झपाट्याने थंड होते.

प्रारूपे काय करतात?

ती वातावरणाचे चौकोन पाडून प्रत्येकातील बदलांचे गणित मांडतात. पुण्याच्या ‘आयआयटीएम’ने विकसित केलेल्या ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’मध्ये (मे २०२५) हा चौकोन ६ किलोमीटरचा आहे. मात्र सुरुवातीच्या नोंदींतील किरकोळ चूक दिवसागणिक वाढते. म्हणून तेच गणित किंचित वेगळ्या नोंदींनी अनेकदा सोडवतात. युरोपीय केंद्राच्या संचात असे ५१ अंदाज असतात. बहुतेक उत्तरे जुळली तर भरवसा वाढतो. विखुरली तर ती केवळ शक्यता.

थंडीची लाट कधी?

मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा कमी आणि सरासरीपेक्षा किमान ४.५ अंशांनी खाली असेल तर.

बागायतदाराने काय पाहावे?

आठवडाभर आधीचा अंदाज तयारीसाठी, दोन-तीन दिवस आधीचा प्रत्यक्ष कामासाठी. पहाटे पाणी देणे, शेकोट्या पेटवणे तेव्हाच ठरवावे. खोलगट बागेत थंड हवा साचते; ६ किलोमीटरच्या चौकोनात ती बाग वेगळी दिसत नाही. तिथे अंदाजापेक्षा पारा खाली जाऊ शकतो, हे गृहीत धरावे.