कचारगडची वाट आणि परतीची वेळ

माघ महिना लागला की आमच्या भागातल्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. म्हातारे माणूस खुर्चीवर बसलेले असते, शेजारी सून किंवा मुलगा उभा असतो आणि तो डोळ्यांनी खुणावत विचारतो, “डॉक्टरसाहेब, यांना कचारगडला जाऊ द्यायचे का?” खुणावण्याचा अर्थ असा, की नाही म्हणा.

सालेकसा तालुक्यातील कचारगड हे गोंड समाजाचे मोठे श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो आणि माता कली कंकाली यांच्या कथेशी जोडलेल्या येथील गुहेच्या दर्शनासाठी माघी पौर्णिमेला मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणापासून लोक येतात. कोणी दरेकसा स्थानकावर उतरतो, कोणी गाडीने धनेगावला पोहोचतो आणि तेथून झाडीतून डोंगराची वाट धरतो. ज्याने पन्नास वर्षे ही वाट चढली, त्याला एका चिठ्ठीने थांबवता येईल, असे मलाही एके काळी वाटत असे.

२०२४ साली मी एका आजींना तसे थांबवले. वय एकाहत्तर, रक्तदाबासाठी दोन औषधे, त्यांपैकी एक लघवी वाढवणारी, म्हणजे आपण जिला पाण्याची गोळी म्हणतो ती. आणि उजवा गुडघा झिजलेला. मी कारणे सांगितली नाहीत, फक्त “जायचे नाही” असे म्हणालो. आजींनी मान डोलावली आणि पौर्णिमेला शेजारच्या बायकांबरोबर त्या गेल्या. घरी न सांगता जायचे म्हणून न्याहारी झाली नाही. सकाळची गोळी मात्र नियमाने घेतली. गुहेपर्यंत त्या नीट चढल्या, नीट उतरल्या आणि खाली येऊन उभ्या राहिल्या तेव्हा चक्कर येऊन कोसळल्या. सुदैवाने हाड मोडले नाही. दोन दिवसांनी त्या दवाखान्यात आल्या, तेव्हा मी विचारले की पाणी किती प्यायलात. उत्तर आले, “रात्रीपासून नाही जी. पाणी पेलं का जागा शोधा लागते. इतक्या माणसांत बाईनं कुठं जावं?”

हे उत्तर मला पाठ्यपुस्तकात कधी भेटले नव्हते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, हे आम्ही शिकलेले असतो. परंतु तहान लागूनही ती मुद्दाम मारली जाते, हे शिकवत नाहीत. पाण्याची गोळी, उपाशी पोट आणि कोरडे शरीर यांत चालण्याचा परिणाम मिसळला. चालताना पायांतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि स्नायूंच्या हालचालीमुळे रक्त वर ढकलले जाते. माणूस एकदम उभा राहिला की ते ढकलणे थांबते, रक्त पायांत साठते आणि मेंदूकडे कमी पडते. म्हणून चक्कर चढणीवर न येता पायथ्याशी थांबल्यावर आली. उतरल्यावर लगेच उभे राहू नये. पाच मिनिटे सपाटीवर रमतगमत चालावे आणि मग पाय किंचित उंच करून बसावे.

त्या वर्षी पौर्णिमा २४ फेब्रुवारीला होती. हा तपशील किरकोळ नाही. आपली पौर्णिमा इंग्रजी तारखांत पुढेमागे सरकते: २०२५ मध्ये ती १२ फेब्रुवारीला आली, २०२६ मध्ये १ फेब्रुवारीला. तीन आठवड्यांच्या अंतराने आपल्याकडे ऋतू बदललेला असतो. एकाच दिवसात पहाटे स्वेटर लागतो आणि दुपारी पारा तिशीच्या आसपास जातो. हिमालयात वसंताच्या आरंभी बर्फाच्या वाटेने जाणारे लोक पहाटेच निघतात, कारण सकाळी टणक असलेले बर्फ दुपारी मऊ होऊन पाय आत जातो. आपल्या डोंगरावर बर्फ नाही, पण वाट तासातासाला बदलते ती येथेही. पळस फुलण्याच्या या दिवसांत झाडांनी पाने टाकलेली असतात. सकाळी दवाने भिजलेला पाचोळा निसरडा असतो. दुपारी तोच वाळून सुट्या खड्यांवर पसरतो आणि त्याखालचा दगड दिसत नाही. मोजे घालून चपलेत पाय सरकवलेल्या माणसाला दोन्ही सारखेच वाईट.

पुढच्या वर्षी आजी आल्या, तेव्हा मी आधी त्यांना जिन्यावर नेले. दोन मजले न थांबता चढता येतात का आणि चढताना एक पूर्ण वाक्य बोलता येते का, एवढेच पाहिले. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, यांपैकी काही जाणवले असते, तर ईसीजी व पुढील तपासण्यांशिवाय मी परवानगी दिली नसती. त्यांना फक्त गुडघा दुखला. मग आम्ही आठ आठवड्यांची तयारी केली: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे आणि जिना चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असताना भार झेलतो. अशा कामाची सवय नसेल तर दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक होते आणि लोक म्हणतात, जत्रा बाधली.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची. चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. आजींना हे तोंडपाठ झाले, त्यांच्या मुलाला अजून होत नाही.

औषधांविषयी एक विनंती. पाण्याची गोळी त्या दिवशी घ्यावी, उशिरा घ्यावी की टाळावी, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. स्वतःच्या मनाने नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे ज्यांना पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, त्यांनी तर नक्कीच. इतरांनी दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट घ्यावेत, आणि घरच्यांनी आडोशाची सोय आधी पाहून ठेवावी. ही सोय केली नाही, तर बाटली भरलेलीच परत येईल. इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात ग्लुकोज ठेवावे. इतक्या श्रमानंतर साखर त्या रात्रीही घसरू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी वाढू देत नाहीत. त्यामुळे मनगटी घड्याळातील ठोक्यांवर विसंबू नये, आणि अशा माणसाला साखर उतरल्यावर धडधड जाणवेलच असे नाही, घाम मात्र येतो. मधुमेहामुळे तळवे बधिर असतील तर अनवाणी चालण्याचा नवस करू नये. पादत्राणे गुहेच्या तोंडाशी काढावीत.

आपल्या जिल्ह्यापुरते आणखी एक. आजोबांचा हात धरायला नातवंडे सोबत पाठवली जातात आणि त्यांपैकी एखाद्याला सिकलसेलचा आजार असतो. पहाटेची थंडी, शरीरातील पाणी कमी होणे आणि अति श्रम, या तिन्ही गोष्टी त्याच्या हाडांत असह्य वेदना सुरू करू शकतात. मदतनीस म्हणून त्याला नेऊ नये.

आजींची वेळ आम्ही अशी ठरवली: उन्हे वाटेवर आल्यावर, सातच्या सुमारास निघायचे, पहिली दहा मिनिटे अगदी सावकाश चालायचे. थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्यांवर एकदम भार टाकू नये. दहा वाजता जेथे असू तेथून मागे फिरायचे, गुहा समोर दिसत असली तरी. छातीत दुखले तर तेथेच बसायचे आणि १०८ ला फोन लावायचा. डोंगरात रेंज मिळेलच असे गृहीत न धरता एक धडधाकट माणूस खाली धाडायचा.

२०२५ मध्ये दहा वाजले तेव्हा शेवटचा खडा चढ उरला होता. सून घड्याळाकडे पाहून गप्प राहिली. आजींनी तेथूनच हात जोडले, एका खडकावर बसून गूळ खाल्ला, पाणी प्यायल्या आणि उतरू लागल्या. खाली आल्यावर मला फोन आला, “चक्कर नाही आली जी, पण तुमच्या घड्याळानं देव लांब ठेवला.” २०२६ मध्ये थंडी होती, चाल बरी पडली आणि पावणेदहाला त्या गुहेत होत्या.

२०२७ ची माघी पौर्णिमा २० फेब्रुवारीला आहे. ऊन लवकर तापेल, म्हणून परतीची वेळ साडेनऊ ठेवावी असे मी सुचवले आहे. आजींना ते मान्य नाही. जिन्याचा सराव त्यांनी दिवाळीपासूनच सुरू करायचे ठरवले आहे.