लेथ दारात आणण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर?



घरच्या माणसांचे श्रम उत्पादनखर्चात धरा, ही मागणी आपण वर्षानुवर्षे करत आलो. तीच माणसे शहरातून जुना लेथ आणायला निघाली, की त्यांच्या श्रमाची आणि जिवाची किंमत आपणच शून्य धरतो. ‘घरचेच चार गडी आहेत, उतरवून घेऊ’ म्हणतो. घरचे म्हणून मशीन कुणाचा पाय वाचवत नाही.

गावात वर्कशॉप हवे, याबद्दल वाद नाही. ऐन सुगीत मळणीयंत्राचा शाफ्ट गेला, की रास उघड्यावर टाकून तालुक्याला दोन दिवस खेटे घालायचे, हे कुणाला परवडते? नव्या लेथची ऐपत नाही. म्हणून आयटीआय झालेला पोरगा कोल्हापूरच्या उद्यमनगरात नाहीतर भोसरीत जुनी मशीन शोधतो, ते शहाणपणाचेच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीही बेळगावातून उठून १९१० साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना मांडला. माळावर यंत्र येऊ शकते. कसे आणायचे, एवढाच प्रश्न.

सौद्याच्या वेळी व्यापारी म्हणतो, ‘गाडीत टाकून देतो.’ ऐकायला गोड वाटते. अर्थ असा, की चढवणे त्याचे आणि उतरवणे तुमचे. त्याच्याकडे चेन ब्लॉक आहे, रोज हेच काम करणारे हमाल आहेत. तुमच्या दारात चिखल, तीन फूट उंचीवर मशीन आणि सल्ला द्यायला जमलेले अर्धे गाव. घात होतो तो इथे.

आधी वजन समजून घ्या. एक घनफूट बीड सुमारे दोनशे किलो भरते. पट्ट्यावरचा हलका लेथ अर्धा-पाऊण टनाचा असतो. साडेसहा फुटी ऑल गिअर दीड टनाच्या पुढे जाऊ शकतो. तो ‘छोटा हत्ती’त घालणे म्हणजे गाडीचाही जीव घेणे. शिवाय लेथ वरून जड, खाली अरुंद, आणि सगळा भार हेडस्टॉकच्या बाजूला. एका अंगाने पहार घातली की तो कलतो. कलला की आपली पोरे खांदा लावायला धावतात. बैलगाडी कलली तर खांदा लावतात, ती सवय. मशीन कलली तर सगळ्यांनी बाजूला पळायचे, हे निघण्याआधीच प्रत्येकाला बजावून ठेवा. बीड वाकत नाही, तुटते. तुटलेली मशीन भंगारात जाईल, पण माणूस घरी राहील.

चक आणि मोटर आधी उतरवून घ्या. टेलस्टॉक आणि कॅरेज मागच्या टोकाला सरकवून घट्ट आवळा, म्हणजे तोल थोडा सावरतो. पट्टा बेडखालून घ्यायचा. लीडस्क्रूला दोर अडकवला तर ती वाकलीच समजा. पायांखाली दोन रुंद लाकडी तुळया बोल्टने बसवल्या तर बूड रुंद होते आणि खालून पाइप घालून लोटताही येते.

रस्ता असेल तर उतरवायला हायड्रा बोलवा. हे भाडे सौद्याच्या वेळीच मशीनच्या किमतीत धरा. मग ती ‘स्वस्त’ मशीन खरोखर स्वस्त आहे का, ते कळेल. हायड्रा पोचत नसेल तर आपली जुनी युक्ती आहे. गाडी बांधाला मागे लावा, किंवा मागच्या चाकांसाठी उताराचा चर खणा, म्हणजे गाडीचा तळ जमिनीच्या बराच जवळ येतो. वर जाड फळ्या, फळ्यांवर पाइप. मशीनच्या मागून दोर घेऊन त्याला बाभळीच्या बुंध्याभोवती दोन वेढे द्या आणि इंचाइंचाने सोडा. उताराच्या बाजूला कुणीही उभे राहायचे नाही. जेसीबीच्या बकेटच्या दाताला पट्टा अडकवून उचलणारे बरेच दिसतात. दातावरून पट्टा कधी निसटेल ते जेसीबीवाल्यालाही सांगता येत नाही.

ट्रॅक्टरची ट्रॉली फुकटची वाटते. तिची नोंदणी शेतीकामासाठी असेल आणि वाटेत काही झाले, तर विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते. वर्कशॉपला शेतीपंपाची वीजही चालत नाही, वेगळे कनेक्शन लागते; त्याचा अर्ज मशीन येण्याआधीच द्यावा.

या जिल्हा बैठकीत एक प्रस्ताव घ्यावा. प्रत्येक तालुक्याने वर्गणीतून दोन टनी चेन ब्लॉक, चार चांगले पट्टे, जाड पाइप आणि फळ्या असा एक संच करावा. नेणाऱ्याने भाडे द्यावे, अगदी कार्यकर्त्याने नेला तरी. पट्ट्याला चीर दिसली तर तो तिथेच कापून टाकावा, नाहीतर कुणीतरी ‘एवढ्यापुरता’ वापरणारच. संच कोणाच्या गोठ्यात ठेवायचा, ते मात्र बैठकीतच ठरवून उठा.