धनिकाचा आश्रय आणि खेळाडूची भाकरी

गोव्याचे उद्योगपती श्रीनिवास धेंपो यांच्या घराण्याने दीर्घकाळ पोसलेल्या फुटबॉल संघाने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग निघाली, तेव्हा एफसी गोवा संघाच्या मालकीतही ते सहभागी झाले. परंतु या नव्या स्पर्धेपुढे जुन्या आय-लीगला दुय्यम ठरविण्याची योजना महासंघाने मांडताच, २०१६ मध्ये धेंपो संघ साळगावकर व स्पोर्टिंग यांच्यासह आय-लीगमधून बाहेर पडला. मुंबईचा महिंद्र युनायटेड तर २००६ मध्ये राष्ट्रीय विजेता ठरूनही २०१० मध्ये बंद झाला होता.

मालकांच्या क्रीडाप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. दोष आहे तो अर्थव्यवहाराचा. खेळाडूंचे वेतन चुकत नाही. तिकिटांचे उत्पन्न मात्र तुटपुंजे. ही तूट अन्य उद्योगाच्या नफ्यातून भरली जाते. तो ओघ आटला किंवा मालकाचे मन उडाले, की विजेत्यांवरही दुसरे दार शोधण्याची पाळी येते. धेंपो संघ २०२४ मध्ये आय-लीगमध्ये परतला. पण खेळाडूच्या उमेदीची वर्षे आठ वर्षे थांबून राहत नाहीत.

जर्मनीतील बहुतेक क्लबांत मतांचे बहुमत सभासदांच्या हाती असते. असा आधार येथे उभा राहत नाही, तोवर देऊळगाव राजाच्या मैदानावरील मुलाने चेंडूवर पोट भरण्याचे स्वप्न पाहावे ते कोणाच्या भरवशावर?